आत्याची प्रतिकारशक्ती

ऑगस्ट २०१५. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्रकारांसमोर बसून सांगत होते, की यकृतातून काढलेली गाठ मेलॅनोमाची निघाली आहे आणि मेंदूतही चार बारीक ठिपके दिसले आहेत. वय नव्वद. मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो मेंदूपर्यंत गेला, की पूर्वी डॉक्टर वर्षांची गोष्टच काढत नसत. कार्टरांची यकृताची शस्त्रक्रिया झालेली होती, मेंदूला रेडिएशन दिलं गेलं आणि जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं नवं औषध शिरेवाटे सुरू झालं. डिसेंबरात, आपल्या प्लेन्स गावातल्या चर्चच्या रविवारच्या वर्गात, त्यांनी सांगितलं की ताज्या स्कॅनमध्ये कॅन्सरची खूण नाही. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२४ मध्ये गेले.

ही बातमी आमच्या घरात जरा उशिरा आली, माझ्या आत्याला तोच आजार निघाला तेव्हा. कुणीतरी ती मोबाईलवर पाठवली आणि सगळ्यांनी ती जवळजवळ पाठ केली. नव्वदीतला माणूस बरा होतो, तर साठीतली, उभा जन्म शेतात राबलेली बाई का नाही होणार? आत्याला मिळालेलं औषध त्याच जातीचं होतं, निवोलुमॅब. तिला गुण आला नाही.

का आला नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे शोधनिबंध उघडून वाचायची सवय आहे. आत्या होती तोवर घाईघाईनं, तिच्या पुढच्या स्कॅनच्या आत काहीतरी हाती लागावं म्हणून वाचलं. ती गेल्यावर सावकाश वाचलं. आणि वाचता वाचता माझी खात्री होत गेली, की या बाबतीत आपल्याकडे रुग्णाला जे सांगितलं जातं ते बहुतेक उलटं आहे.

आधी आकडे. या औषधांनी मेलॅनोमाचं चित्र पालटलं, हे खरंच आहे. १९७५ पासून पुढची कित्येक वर्षं डाकार्बाझिन हेच पसरलेल्या मेलॅनोमाचं मुख्य औषध होतं आणि त्यानं आयुष्य वाढतं असं कधी ठामपणे सिद्ध झालं नाही. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आलं, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. चेकमेट ०६७ या चाचणीत ९४५ रुग्ण होते. २०२४ मध्ये तिचे दहा वर्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब दोन्ही मिळालेल्यांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनीही जिवंत होते, एकटं निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी ३७ टक्के. पूर्वी जिथं महिन्यांत मोजायचं, तिथं दहा वर्षं. वैद्यकात असे आकडे क्वचित बघायला मिळतात. पण शंभरातले उरलेले सत्तावन्न किंवा त्रेसष्ट कुठल्याच बातमीत येत नाहीत. त्यांतल्या कित्येकांची गाठ पहिल्या डोसपासूनच हललेली नसते. काहींची विरघळते, वर्ष दोन वर्षं सगळं शांत असतं आणि मग ती पुन्हा उठते.

आत्याच्या डाव्या तळपायाला, टाचेच्या थोडं पुढे, एक डाग होता. अंगणात जांभूळ चिरडल्यावर फरशीवर राहतो तसा, कडेला फिका आणि मध्ये गडद, आणि त्याची कड एका बाजूला पसरलेली. तिला वाटलं काटा मोडून आत राहिलाय. मग तिथली कातडी जाड झाली, तेव्हा भोवरी म्हणून कॉर्न कॅप लावून झाल्या. तालुक्याच्या एका दवाखान्यात तो भाग कापूनही झाला. कापलेला तुकडा तपासायला गेला नाही. सहा-आठ महिन्यांत तिथं न भरणारी जखम झाली, जांघेत गाठ आली. घरात सगळ्यांना वाटलं पायाच्या जखमेनं अवधाण आलंय. शहरात नेल्यावर बायोप्सी झाली आणि नाव कळलं. पुढं शस्त्रक्रिया, मग पेट स्कॅन, त्यात फुप्फुसात आणि यकृतात ठिपके.

निवोलुमॅब सुरू झालं तेव्हा गावाकडून सल्ले येऊ लागले. गुळवेलीचा काढा द्या. आवळा द्या. गोमूत्र द्या. मन खंबीर ठेवायला सांगा. सगळ्यांचा रोख एकच: औषध प्रतिकारशक्तीवर चालतं ना, मग हिची प्रतिकारशक्ती वाढवा. पहिला स्कॅन आला, गाठी वाढलेल्या. डॉक्टर म्हणाले, कधी कधी टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, गाठीत शिरल्यामुळे ती सुरुवातीला फुगलेली दिसते, अजून एक स्कॅन बघू. दुसराही तसाच आला. त्या रात्री आत्या मला म्हणाली, "दोन्ही बाळंतपणं झाली, दहाव्या दिवशी मी कामाला लागले. कधी तापानं अंथरूण धरलं नाही. मग आत्ताच माझ्या अंगातली ताकद कुठं गेली गं? माझीच प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणायची."

हे वाक्य मला आजही सहन होत नाही. कारण ते साफ चुकीचं आहे, आणि ते तिच्या तोंडी आम्हीच, चांगल्या मनानं, घातलं होतं.

हे औषध प्रतिकारशक्ती वाढवत नाही. आपल्या रक्तातल्या टी-पेशींच्या पृष्ठभागावर काही रेणू असतात, ज्यांचं काम टी-पेशीला आवरणं हे आहे. ते नसतील तर संसर्ग संपल्यावरही या पेशी थांबणार नाहीत आणि आपल्याच अवयवांवर तुटून पडतील. यातला एक सीटीएलए-४. टेक्ससच्या ॲलिस या छोट्या गावात वाढलेले जेम्स ॲलिसन यांची आई ते लहान असताना लिम्फोमानं गेली. पुढं ते टी-पेशींवर काम करू लागले आणि सीटीएलए-४ हा ब्रेक आहे हे दाखवणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. बाकीच्यांनी या ब्रेकचा उपयोग आमवातासारखे आजार दाबण्यासाठी करायचा विचार केला. ॲलिसन यांनी उलटा प्रश्न विचारला: ब्रेकच अडवला तर? १९९६ मध्ये त्यांच्या गटानं उंदरांमधले निकाल प्रसिद्ध केले. ब्रेक अडवणाऱ्या प्रतिपिंडानं उंदरांच्या गाठी विरघळल्या होत्या. तिकडे क्योटोमध्ये तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्येच पीडी-१ हा दुसरा रेणू सापडला होता. तोही ब्रेकच निघाला. २०१८ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. कार्टरांचं आणि आत्याचं औषध पीडी-१ अडवणारं.

यातली मेख अशी, की औषध गाठीला हातही लावत नाही. ते फक्त टी-पेशींवरचा ब्रेक काढतं. म्हणजे त्याला गुण यायचा तर गाठीला ओळखणाऱ्या टी-पेशी मुळात अस्तित्वात हव्यात, त्या गाठीच्या आत पोचलेल्या हव्यात, गाठीनं त्यांना ओळख पटेल असं काहीतरी पृष्ठभागावर दाखवलेलं हवं, आणि टी-पेशीनं हल्ला केल्यावर गाठीच्या पेशीनं तो निमूट सोसायला हवा. यातली एक पायरी जरी निखळली, तरी ब्रेक निघूनही काही घडत नाही. आणि रुग्णाची बाकी प्रतिकारशक्ती ठणठणीत असते. त्याला सर्दी होते ती बरी होते, खरचटलं तर भरून येतं. काढ्यानं वाढवायचं असं त्याच्यात काही कमी नसतंच.

पहिल्या पायरीपाशीच आत्याची बाजू लंगडी होती, आणि त्याचं कारण तिचा तळपाय. गोऱ्या लोकांचा नेहमीचा मेलॅनोमा उन्हानं होतो. अतिनील किरणांनी पेशीच्या डीएनएमध्ये हजारो बदल झालेले असतात, आणि त्या बदलांमुळे पेशी अशी प्रथिनं बनवते जी शरीरानं कधी पाहिलेली नसतात. टी-पेशीला ओळखायला तेवढंच हवं असतं. ज्या उन्हानं कॅन्सर दिला, त्याच उन्हानं त्याच्यावर खुणाही ठेवल्या. तळपायाला, तळहाताला, नखाखाली होणारा मेलॅनोमा मात्र उन्हाचा नव्हे. त्यात असे बारीक बदल कितीतरी कमी असतात. त्याऐवजी गुणसूत्रांचे मोठे तुकडे तुटून इकडचे तिकडे जोडलेले, काही जनुकांच्या जादा प्रती झालेल्या. गाठ तितकीच घातक, पण टी-पेशीच्या नजरेला त्यात परकं फारसं काही नाही. सावळ्या कातडीला मेलॅनोमा होणं दुर्मीळ, पण झाला तर बहुतेकदा याच जागी. बॉब मार्लीचा असाच होता. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला. फुटबॉल खेळताना लागलेलं असेल असंच आधी वाटलं होतं. आत्याच्या काट्यासारखंच.

चीनमध्ये तळपायाचा आणि तोंड, नाक, गुदाशय अशा आतल्या अस्तराचा मेलॅनोमाच जास्त, म्हणून तिथल्या एका चाचणीकडे मी पुन्हा पुन्हा वळले. कीनोट-१५१ मध्ये आधीचे उपचार करून झालेल्या चिनी रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं गेलं. गाठी लक्षणीय आक्रसल्या त्या सुमारे १७ टक्के रुग्णांत. तळपाय-तळहाताच्या मेलॅनोमात १६ टक्क्यांच्या आसपास, अस्तराच्या मेलॅनोमात १३. हेच औषध पाश्चात्त्य देशांतल्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात दर तिघांत एकाला लागू पडत होतं. चेकमेट ०६७ चे ते दिलासा देणारे आकडे मुख्यतः उन्हाच्या मेलॅनोमाचे, गोऱ्या रुग्णांचे आहेत. ते आत्याला लागू होते असं आम्हाला कुणी म्हटलं नव्हतं. आम्हीच ते लागू केले होते, कारण इंटरनेटवर दुसरे आकडे वर येतच नाहीत.

दुसरी पायरी, आत शिरण्याची. शिकागो विद्यापीठात थॉमस गाजेव्स्की यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की काही मेलॅनोमांमध्ये बीटा-कॅटेनिन नावाचा एक संदेशमार्ग सतत चालू राहतो. अशी गाठ टी-पेशींना वर्दी देणाऱ्या पेशींना जवळ बोलावणारे रेणूच सोडत नाही. मग वर्दी मिळत नाही आणि टी-पेशी तिथं येतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली अशी गाठ बघितली तर सलग कॅन्सरच्या पेशी, मध्ये टी-पेशीचा ठिपकाही नाही. कधी टी-पेशी येतात, पण गाठीच्या कडेलाच गोळा होऊन राहतात. ज्या गाठीत त्या आत खोलवर विखुरलेल्या असतात, तिथं औषधाला गुण येण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आणि मग ते रुग्ण, ज्यांना आधी गुण आला आणि नंतर आजार उलटला. मला सगळ्यात खोल जाऊन वाचावासा वाटला तो लॉस एंजेलिसचा, अँटोनी रिबास यांच्या गटाचा २०१६ चा अभ्यास. पेम्ब्रोलिझुमॅब दिलेले ७८ रुग्ण. त्यांतल्या ४२ जणांच्या गाठी आक्रसल्या. त्या ४२ पैकी १५ जणांचा आजार पुढं पुन्हा वाढला. या पंधरांतल्या चौघांच्या, उपचाराआधीच्या आणि उलटल्यानंतरच्या अशा दोन्ही गाठी तपासण्याजोग्या मिळाल्या. फक्त चौघं, पण दोन्ही गाठींचा सगळा जनुकीय मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचता आला.

एकात जेएके-१ हे जनुक मोडलेलं होतं, दुसऱ्यात जेएके-२. टी-पेशी हल्ला करते तेव्हा इंटरफेरॉन गॅमा नावाचा रेणू सोडते. गाठीच्या पेशीला तो मिळाला, की तिची वाढ थांबते आणि ती आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे आणखी जोरानं पृष्ठभागावर दाखवू लागते, म्हणजे स्वतःलाच उघडं पाडते. हा निरोप पेशीच्या आत पोचवण्याचं काम जेएके-१ आणि जेएके-२ दोघं मिळून करतात. एक जरी मोडलं तरी निरोप आत जात नाही. टी-पेशी आजूबाजूला आहेत, ब्रेक निघालेला आहे, इंटरफेरॉन सुटतोय, आणि कॅन्सरची पेशी बधिर. तिसऱ्या रुग्णात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन तुटलेलं होतं. प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर धरून दाखवणारी जी रचना असते, ती त्याच्याशिवाय वर टिकतच नाही. ते गेलं, की पेशीकडे टी-पेशीला दाखवायला काही उरत नाही. चौथ्या रुग्णात नेमकं काय झालं, ते सापडलं नाही. चौथ्या रुग्णाबद्दलचं हे त्यांनी निबंधात सरळ लिहिलं आहे, आणि त्याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो.

पुढच्याच वर्षी याच गटानं दाखवलं, की जेएकेमधले असे बिघाड काही रुग्णांच्या गाठीत पहिल्यापासूनच असतात. त्यांना पहिल्या डोसपासूनच गुण येत नाही. म्हणजे हे सगळं गाठीच्या आत, रुग्णाच्या नकळत, औषधाचं नावही कानावर पडण्यापूर्वी ठरून गेलेलं असतं. कसल्या खंबीर मनानं ते जनुक दुरुस्त व्हायचं?

यकृताचाही एक धागा आहे. मेलॅनोमा यकृतात गेलेल्या रुग्णांना या औषधांचा गुण कमी येतो, हे डॉक्टरांच्या अनुभवात होतंच. मिशिगनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये उंदरांवर काम करून एक कारण दाखवलं. यकृतातल्या गाठी रक्तातल्या टी-पेशी तिकडे ओढून घेतात आणि तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे इतर पेशी गिळणाऱ्या पेशी, त्यांना मारून टाकतात. मग शरीरात दुसरीकडे असलेल्या गाठींशी लढायलाही त्या उरत नाहीत. उंदरांच्या यकृताला रेडिएशन दिल्यावर औषधाचा परिणाम परत आला. कार्टरांच्या यकृतातली गाठ औषधाआधीच काढून टाकलेली होती, हे मला तेव्हा आठवलं. त्याचा किती हातभार लागला हे एका माणसावरून ठरवता येणार नाही, पण आत्याच्या यकृतात ठिपके होते, हे मात्र विसरता येत नाही.

आता पोटातल्या जिवाणूंबद्दल, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच ताक-दह्यावर उड्या पडतात. गोष्ट सुरू झाली ती उंदरांच्या पिंजऱ्यात. शिकागोच्याच गटाकडे दोन वेगळ्या पुरवठादारांकडून आलेले, जनुकीय दृष्ट्या सारखे उंदीर होते. एका ठिकाणच्या उंदरांत मेलॅनोमा हळू वाढायचा, दुसऱ्या ठिकाणच्यांत भराभर. दोन्ही उंदीर काही काळ एकाच पिंजऱ्यात ठेवले आणि फरक नाहीसा झाला. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. जिवाणू इकडून तिकडे गेले होते. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या जेनिफर वॉर्गो यांच्या गटासह तिघांनी माणसांतही दाखवलं, की गुण आलेल्या आणि न आलेल्या रुग्णांच्या आतड्यांतले जिवाणू वेगळे असतात. २०२१ मध्ये इस्राएल आणि पिट्सबर्ग इथं, गुण आलेल्या रुग्णांची विष्ठा प्रक्रिया करून, गुण न आलेल्यांच्या आतड्यात सोडण्यात आली आणि औषध पुन्हा दिलं गेलं. इस्राएलमध्ये दहांपैकी तिघांच्या गाठी आक्रसल्या, पिट्सबर्गमध्ये पंधरांपैकी सहा जणांना फायदा दिसला. आकडे लहान आहेत, पण ज्यांना आधी काहीच गुण नव्हता त्यांच्यातले आहेत.

त्याच वर्षी आहाराचा एक अभ्यास आला. दिवसाला किमान २० ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्या मेलॅनोमाच्या रुग्णांत आजार जास्त काळ आटोक्यात राहिलेला दिसला. पण औषधाच्या दुकानातून आणलेल्या प्रोबायोटिक पुड्या घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही, आणि उंदरांत तर त्या पुड्यांनी औषधाचा परिणाम कमी केला. माझी वहिनी आत्याला कौतुकानं अशाच पुड्या देत होती. आता हे वाचून कुणी वहिनीला बोल लावू नये, आणि मी तिला हे सांगताना आधी तेच सांगितलं. आत्या जन्मभर ज्वारीची भाकरी, घेवडा आणि पालेभाजी खाऊन वाढलेली. तिच्या ताटात तंतूंची कमतरता नव्हती. तरीही गाठ ऐकत नव्हती. जिवाणू हा अनेक धाग्यांतला एक धागा आहे, आणि तळपायाच्या मेलॅनोमात त्याचं वजन किती, हे ठरवण्याइतके रुग्ण या अभ्यासांत नव्हते.

एक गोष्ट मात्र मी आत्याला सांगितली होती, आणि ती सांगायला हवी होती की नको, याचा विचार मनात येत राहतो. ब्रेक निघालेल्या टी-पेशी कधी कधी निरोगी अवयवांवरही जातात. आतड्याला सूज येते, थायरॉइड बिघडतं, क्वचित हृदयाच्या स्नायूला दाह होतो आणि जीवावर बेततं. मेलॅनोमाच्या रुग्णांत आणखी एक होतं: टी-पेशी कॅन्सरच्या रंगपेशींबरोबर चांगल्या रंगपेशीही मारतात, आणि अंगावर पांढरे चट्टे उठतात. म्हणजे कोड. इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकरवी कॅन्सरशी लढणाऱ्या उपचारांच्या, १३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला, त्यात कोड उठलेले रुग्ण थोडे होते, पण ते जास्त जगले होते. आपल्या समाजात कोडाची काय दहशत आहे, हे मी वेगळं सांगायला नको. स्थळ बघताना पहिली दबकी चौकशी तीच असते. आत्याच्या नणंदेच्या मुलीचं लग्न त्यापायी मोडलेलं होतं. तीच आत्या मग रोज सकाळी ओट्यावर बसून दोन्ही हात उन्हात धरायची, बोटांची पेरं, मनगट, कोपराची आतली बाजू निरखून बघायची, आणि मला फोनवर सांगायची, "अजून एकसुद्धा ठिपका नाही गं." कोड न उठलेल्या कितीतरी रुग्णांनाही गुण येतो, हे मी तिला पुन्हा पुन्हा समजावलं. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत बघायची.

डॉक्टरांना आधी कळत नाही का, असं लोक विचारतात. काही खुणा आहेत. गाठीवर पीडी-एल१, म्हणजे टी-पेशीचा पीडी-१ ब्रेक दाबणारा रेणू, किती, डीएनएमध्ये बदल किती, रक्तातलं एलडीएच हे विकर वाढलंय का, आजार यकृतात किंवा मेंदूत गेलाय का. पण यांतली एकही खूण एखाद्या रुग्णाला "तुम्हाला औषध देऊन उपयोग नाही" असं म्हणण्याइतकी भरवशाची नाही. पीडी-एल१ नसलेल्यांतही काहींच्या गाठी विरघळतात. आत्याच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच, खर्चाचा कागद पुढं ठेवून, हेच सांगितलं होतं. आमची अर्धा एकर जमीन गहाण पडली. ते पैसे वाया गेले असं घरातलं कुणीही म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेलं एक काम सांगितलंच पाहिजे. निवोलुमॅबचा नेहमीचा एक डोस २४० मिलिग्रॅमचा. टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्तातल्या तोंडी औषधांबरोबर दिलं. वर्षाअखेर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे निकाल २०२३ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीमध्ये छापून आले. तो कॅन्सर वेगळा, मेलॅनोमाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. पण आपल्या रुग्णांचे प्रश्न आपल्याच रुग्णांवर अभ्यास करून सुटतात, याचा हा पुरावा आहे. तळपायाच्या मेलॅनोमासाठी असंच व्हायला हवं. युरोप-अमेरिकेत तो इतका कमी दिसतो, की चाचणीला पुरेसे रुग्ण मिळता मिळत नाहीत. आपल्याकडे मेलॅनोमा एकूणच विरळा, पण जो होतो त्यात हाच जास्त, आणि त्याचे जपून ठेवलेले नमुने आपल्या मोठ्या रुग्णालयांत आहेत.

बाहेर काम थांबलेलं नाही. एलएजी-३ हा तिसरा ब्रेक अडवणारं रेलाटलिमॅब २०२२ मध्ये आलं. रुग्णाच्या गाठीतल्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत अब्जावधींनी वाढवून परत देण्याच्या उपचाराला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ब्रेक काढणाऱ्या औषधांनी गुण न आलेल्यांतल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या गाठी त्यानं आक्रसल्या. एपाकॅडोस्टॅट या औषधावर सगळ्यांची मोठी भिस्त होती, ते २०१८ मध्ये मोठ्या चाचणीत पडलं. पण मला सगळ्यात विचार करायला लावला तो २०२३ मध्ये आलेल्या, शस्त्रक्रिया करण्याजोग्या मेलॅनोमाच्या एका अमेरिकी चाचणीनं. दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅबच, एकूण डोसही सारखेच. एका गटाला सगळं औषध शस्त्रक्रियेनंतर, दुसऱ्याला त्यातले तीन डोस शस्त्रक्रियेआधी. दोन वर्षांनी आजार न उलटता राहिलेले पहिल्या गटात ४९ टक्के, दुसऱ्यात ७२. गाठ अंगात असताना ब्रेक काढला, तर टी-पेशींना तिच्यावरून शिकायला मिळतं, असं त्यामागचं कारण मानलं जातं. औषध तेच, मात्रा तीच, फक्त वेळ वेगळी.

आत्याला यातलं काहीच मिळालं नसतं, ती करोनाच्या आधीच्या वर्षी गेली. तिच्या त्या वाक्याला मी तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावर उत्तर दिलं होतं. म्हटलं, "आत्या, तुझ्या अंगातल्या पेशी कमी नाहीत. गाठच त्यांना दिसत नाही, असा तिचा घाट आहे. त्यात तुझं काही नाही." ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग हे त्या काढावाल्यांना सांग." मी सांगितलं. अजूनही सांगते.

तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, आता स्वतःचे पाय तपासत असतो. त्याला मी जे सांगितलं तेच इथं लिहिते. तळपायाला किंवा तळहाताला नवा काळा-तपकिरी डाग आला, त्याची कड वेडीवाकडी असली, तो पसरत असला, किंवा नखाखाली एकच काळी उभी रेघ रुंद होत जाऊन रंग बाजूच्या कातडीवर उतरू लागला, तर भोवरी किंवा लागल्याची खूण समजून थांबायचं नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. आणि कुठल्याही दवाखान्यात तो भाग कापला, तर तो तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे, हे आपण तोंडानं मागून घ्यायचं. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोल असलेला मेलॅनोमा बहुतेक वेळा नुसत्या शस्त्रक्रियेनं निघतो. मग गुण येईल की नाही, हा प्रश्न बहुतेकांपुढं येतच नाही.